साउंड कार्ड लावलं, तरी आवाज टीव्हीतूनच!

प्रश्न : वडिलांना भजनं ऐकता यावीत म्हणून रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक टीव्हीला आणि जुन्या स्पीकरांना जोडला. हेडफोनच्या जॅकमधून खरखर येते, म्हणून यूएसबी साउंड कार्ड आणलं. सोबतची ड्रायव्हरची सीडी फक्त विंडोजची आहे आणि आवाज अजून टीव्हीतूनच येतो. कार्ड परत करू का?
— एक वाचक, बोर्ली पंचतन (ता. श्रीवर्धन)

उत्तर : इतक्यात नको. सीडीची गरजच नाही; बहुतेक यूएसबी साउंड कार्डांचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतो. कार्ड लावलं की आवाज आपोआप तिकडे वळेल, हा मात्र गैरसमज. वाट आपण दाखवावी लागते. पडद्यावर वर उजवीकडे स्पीकरचं चिन्ह दिसेल, त्यावर राइट क्लिक करून यूएसबीचं नाव निवडा. डेस्कटॉप नसेल, तर 'रास्पी-कॉन्फिग' या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये सिस्टिम ऑप्शन्स आणि तिथे ऑडिओ निवडा. तरीही शांतता असेल, तर 'अल्सामिक्सर' हा आवाज कमी-जास्त करण्याचा प्रोग्रॅम उघडा, एफ6 दाबून कार्ड निवडा आणि आवाज शून्यावर नाही ना, ते बघा.

खरखरीबद्दल तुमचा निर्णय अगदी योग्य. पायच्या जॅकवर वेगळी चांगली ध्वनिचिप नसते, म्हणून साधं यूएसबी कार्डही बहुधा उजवं ठरतं. मात्र ते अ‍ॅम्प्लिफायर नव्हे. स्पीकर स्वतःच्या वीजजोडणीचे हवेत. पायला 5 व्होल्ट, 3 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर द्या. पडद्यावर विजेचं चिन्ह चमकलं, तर वीज अपुरी पडते आहे. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत पिनांवर गंज चढतो, म्हणून त्या अधूनमधून कोरड्या कापडाने पुसा.

दुसऱ्या संगणकावरही कार्ड मुकंच राहिलं, तरच दुकानदाराकडे जा.