तिकीट काढण्याआधी दाखला बघा

दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या दिरांनी सगळ्या घराची तिकिटं काढली. माझी मुलगी सहा वर्षांची, म्हणून मी आदल्या रात्री मुद्दाम विचारलं होतं, "भावजी, लहानांना चालेल ना?" "फॅमिली पिक्चर आहे हो वहिनी!"

पडद्यावर सेन्सॉर बोर्डाचा दाखला झळकला, यूए १६+. तोवर आम्ही रांगेच्या मधोमध अडकलेलो. मध्यंतराच्या आधी कोयत्याने एकाचा हात तोडतात, आणि कॅमेरा तिथून हलतच नाही. मुलगी ओरडली नाही. माझ्या ओढणीचा बोळा तोंडात कोंबून ती पडद्याकडे बघत राहिली. डोळे मिटून घ्यायचंही त्या पोरीला सुचलं नव्हतं. तिला उचलून निघाले, तर भावजींनी पाय आखडून वाटसुद्धा दिली नाही. वर म्हणाले, "आम्ही याच वयात भुताचे पिक्चर पाहिले, काय झालं आम्हाला?" पुढे कितीतरी रात्री ती झोपेतून उठून माझा हात चाचपायची. आणि घरात बोलणी कोणी खाल्ली? मी. सणाचा विरस केला म्हणे.

म्हणून सांगते. २०२४पासून सेन्सॉर बोर्ड यूएमध्ये ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट करतं. पण ती पालकांना दिलेली सूचना आहे. दारावर मुलांना अडवायचं ते फक्त 'ए' सिनेमाला, १८च्या आतल्यांना. म्हणजे बघायचं आपणच. बुकिंगच्या ॲपवर सिनेमाच्या नावाजवळच हा दाखला लिहिलेला असतो. ट्रेलरवर जाऊ नका, त्याला वेगळा दाखला मिळतो.

सिनेमा पाहून आलेल्यांना "चांगला आहे का" असं विचारू नका. रक्त दिसतं का, मूल हरवतं का, आई मरते का, असं विचारा. मारामारी नसली म्हणजे झालं असंही नाही. 'श्वास' किती सुंदर, पण डोळे गमावणारा मुलगा बघून पाच-सहा वर्षांचं पोर हादरू शकतं. 'एलिझाबेथ एकादशी' मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला, पंढरपूरची ती सायकल मुलीला फार आवडली.

कडेची खुर्ची घ्या. मुलांशी बोलत राहा. घरी ओटीटीवर मुलांचं प्रोफाइल वेगळं करा, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा, आणि तो पिन पाहुण्यांना देऊ नका, कितीही जवळचे असोत.