दोन गिअरच्या शेव्हेलला ओव्हरड्राइव्ह

प्रश्न: माझे मेहुणे बरीच वर्षं अमेरिकेत, टेक्सासमध्ये असतात. त्यांनी 1967 सालची शेव्हर्ले शेव्हेल हौसेनं जपली आहे. आठ सिलिंडरचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही मूळचाच. गावात गाडी छान चालते, पण हायवेला लागली की इंजिन इतकं ओरडतं की शेजारच्याशी मोठ्यानं बोलावं लागतं. आता ते ओव्हरड्राइव्हचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचं म्हणतात. इंजिन तेच, चाकं तीच, मग नुसत्या गिअरबॉक्सनं एवढा फरक कसा पडेल? आणि जुन्या गाडीला ते सोसेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: फरक पडेल, आणि पहिल्याच फेरीत जाणवेल. सोसण्याचं म्हणाल, तर इंजिनाला उलट आरामच मिळेल. जपायला लागेल ते नव्या गिअरबॉक्सला.

त्या काळच्या बहुतेक ऑटोमॅटिक शेव्हेलना ‘पॉवरग्लाइड’ हा गिअरबॉक्स असे. त्यात पुढे जायचे गिअर दोनच. पहिला 1.76 किंवा 1.82 चा आणि दुसरा थेट, म्हणजे इंजिनाचा एक फेरा तोच प्रोपेलर शाफ्टचा एक फेरा. फेरे कमी होतात ते मागच्या डिफरन्शियलमध्ये. तिथला रेशो 3.36 आणि टायर 26 इंच व्यासाचे धरले, तर ताशी 110 किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला साधारण 885 फेरे घेतं आणि इंजिन जवळजवळ 3,000. टेक्सासमधल्या लांबलचक रस्त्यावर तासन्‌तास हेच चालू राहतं. मेहुण्यांच्या कानावर आदळतं ते हेच.

अमेरिकेत तेव्हा पेट्रोल स्वस्त होतं, त्यामुळे फेरे कमी ठेवायची निकड कुणाला नव्हती. 1973 साली अरब देशांनी तेल अडवलं आणि चित्र पालटलं. 1975 साली तिथल्या संसदेनं मोटारींच्या इंधनखर्चावर कायदा केला. मग एकामागून एक ओव्हरड्राइव्हचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आले. फोर्डचा ‘एओडी’ 1980 च्या गाड्यांत, जनरल मोटर्सचा ‘200-4आर’ 1981 मध्ये आणि ‘700आर4’ 1982 मध्ये. शेव्हेलसाठी विचार करायचा तो या शेवटच्या दोघांचा. इंजिनाकडचे बोल्ट दोन्हींचे जुळवता येतात.

700आर4 चा चौथा गिअर 0.70 चा आहे. प्रोपेलर शाफ्ट एक फेरा पूर्ण करतो तोवर इंजिनाचा पाऊणही होत नाही, ओव्हरड्राइव्ह म्हणतात तो हाच. मधलं दातेरी चाक धरून ठेवायचं, त्याभोवती फिरणाऱ्या छोट्या चाकांची चौकट इंजिनानं फिरवायची आणि बाहेरच्या कड्यावरून गती घ्यायची, की कडं चौकटीपेक्षा जलद फिरतं. वरच्या हिशोबातले 3,000 फेरे त्यामुळे 2,100 च्या आत येतात. शिवाय पहिला गिअर 3.06 चा, त्यामुळे सिग्नलवरून गाडी जी उसळी घेते ती पॉवरग्लाइडवर कधी घेत नव्हती. माझ्या मते या बदलाचं निम्मं सुख इथेच आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पण आधी डिफरन्शियलचा रेशो तपासायला सांगा. तो 2.73 असेल तर त्याच वेगाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन 1,700 फेऱ्यांवर येईल. जुन्या कार्बुरेटरच्या इंजिनाचा जोर तिथे अपुरा पडतो, ते कुंथतं आणि गिअरबॉक्स जरा चढ आला की खाली उतरून पुन्हा वर जातो. अशा गाडीत ओव्हरड्राइव्ह घालून पैसे वाया घालवू नयेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या दोन्ही गिअरबॉक्समधून एक केबल निघून कार्बुरेटरच्या दांडीला जोडली जाते. जनरल मोटर्सच्या आधीच्या तीन गिअरच्या ‘टर्बो 350’ लाही अशीच दिसणारी केबल असते. तिचं काम एवढंच, की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की खालचा गिअर टाकायचा. ती नीट नसली तरी गाडी चालते. म्हणून कित्येक जण नवी केबलही अंदाजानं अडकवतात किंवा ‘नंतर बघू’ म्हणून मोकळी सोडतात. इथेच घात होतो. 700आर4 आणि 200-4आर मध्ये आतल्या तेलाचा दाब याच केबलवर ठरतो. तुम्ही जितका ॲक्सिलरेटर दाबाल तितका दाब वाढला पाहिजे. केबल ढिली राहिली तर इंजिन जोर लावतं आणि क्लचच्या प्लेटा मात्र हलक्या दाबानं धरलेल्या राहतात. त्या घसरतात, तापतात आणि नवाकोरा गिअरबॉक्स थोड्याच अंतरात जळतो. बाजारातल्या पुष्कळ कार्बुरेटरवर दांडीची लांबी आणि कोन या केबलला जुळत नाही, तिथे जुळवून देणारा ब्रॅकेट लावावाच लागतो. केबल लावल्यावर दाबमापक जोडून आकडा पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. मेहुण्यांना पत्रातलं एकच वाक्य वाचून दाखवणार असाल तर हे दाखवा.

दुसरी गोष्ट टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकची. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं, त्यामुळे थोडी घसरण होतेच. ठरावीक वेगावर आतला क्लच लागून दोन्ही बाजू घट्ट जोडल्या जातात. तो क्लच विजेच्या सोलेनॉइडवर लागतो आणि 1967 च्या गाडीत त्याला हुकूम देणारा कॉम्प्युटर नाही. वायरिंग वेगळं करून घ्यावं लागतं आणि ब्रेक दाबताच लॉक सुटेल असा स्विच त्यात हवाच, नाहीतर थांबताना इंजिन बंद पडेल. तेल थंड करणारा स्वतंत्र कूलरही लावून घ्यावा, टेक्सासच्या उन्हाळ्यात तर नक्कीच.

मापांचं सांगायचं तर 700आर4 मूळ गिअरबॉक्सपेक्षा साधारण तीन इंच लांब आहे, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट तेवढा कापून पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो. 200-4आर ची लांबी जवळजवळ मूळ गिअरबॉक्सएवढीच असल्यामुळे शाफ्ट सहसा तोच चालतो. दोन्हींना आधाराचा क्रॉसमेंबर मागे सरकवावा लागतो. शाफ्टला हात लावायचा नसेल तर 200-4आर घ्यावा. 700आर4 घ्यायचा असेल तर 1987 नंतरचा शोधावा, सुरुवातीच्यांपेक्षा ते जास्त टिकाऊ निघाले. 1993 पासून आलेला ‘4एल60ई’ त्याच घराण्यातला, पण तो चालवायला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लागतो. आणि मूळ पॉवरग्लाइड विकू नका. तेल काढून, तोंडं बंद करून गॅरेजमध्ये ठेवलात आणि गाडीचा पत्रा कुठेही कापला नसेल, तर उद्या कुणाला शेव्हेल पुन्हा 1967 सारखी करायची झाल्यास तो परत चढवता येईल.