सरासरीतला फरक : खरा की योगायोगाचा?

फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक वाक्य हमखास सापडतं : "आमच्या पद्धतीची सरासरी जास्त आली, म्हणून आमची पद्धत चांगली." काँक्रीटचे दहा क्यूब फोडले, दोन सरासऱ्या काढल्या, झालं! पण उद्या त्याच मिक्सचे नवे क्यूब टाकले तर सरासरी थोडी हलणारच. मग दिसलेला फरक पद्धतीमुळे की योगायोगाने, हे तपासायला टी-टेस्ट वापरतात. मॅथ्सच्या पेपरसाठी आपण तिचा फॉर्म्युला घोकतो आणि परीक्षा संपली की सोडून देतो.

ही टेस्ट विल्यम गॉसेटची. तो डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर बनवायच्या कामावर होता (हो, बिअरच! आता तरी वाचाल). तिथे प्रयोगाला नमुने मोजकेच मिळायचे आणि तेव्हाची थिअरी मोठ्या सँपलसाठी होती. कंपनी स्वतःच्या नावाने पेपर छापू देत नसे, म्हणून त्याने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने तो छापला. 'स्टुडंट्स टी'चा आपल्याशी संबंध नाही तो असा.

त्या पेपरमधलंच एक उदाहरण घेऊ. दहा पेशंट, झोपेची दोन औषधं, आणि दोन्ही औषधं प्रत्येकाला दिलेली. पहिल्याने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. फरक १.५८ तास.

टी म्हणजे वर फरक आणि खाली त्या फरकाची स्टँडर्ड एरर. दहा-दहा माणसांचे दोन वेगळे गट समजून गणित केलं तर एरर ०.८५ येते आणि टी १.८६. डिग्री ऑफ फ्रीडम १८, टेबलमध्ये ५ टक्क्यांना २.१०. आपला टी कमी पडला, म्हणजे फरक सिद्ध झाला नाही. (औषधं सारखीच आहेत, असंही सिद्ध झालं नाही बरं का! व्हायवात इथेच पकडतात.)

पण गट वेगळे नव्हतेच ना! एकाची झोप पहिल्या औषधाने १.६ तास कमी झाली, दुसऱ्या एकाची ३.७ तास वाढली. माणसामाणसांतला हा फरक एररमध्ये शिरला आणि औषधांमधला फरक झाकला गेला. आता प्रत्येक पेशंटची स्वतःशीच वजाबाकी करा : १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. सरासरी तीच, १.५८. एरर मात्र ०.३९ वर आली आणि टी झाला ४.०६. डिग्री ऑफ फ्रीडम ९ उरल्याने टेबलची मर्यादा वाढून २.२६ झाली, तरी आपण आरामात पलीकडे. आकडे तेच, फक्त जोड्या लावल्या.

म्हणून टी मोठा यावा यासाठी कशाचीही जोडी लावायची नाही. एकाच बॅचमधला एक क्यूब पाण्यात आणि एक गोणपाटाखाली क्युअर केला, तर ती खरी जोडी. वेगवेगळ्या दिवशीच्या क्यूबना नुसते नंबर देऊन जोडी होत नाही. हे क्यूब टाकायच्या आधीच ठरवावं लागतं.

एक्सेलच्या टी-टेस्टमध्ये शेवटी 'टाइप' विचारतात : जोड्या असतील तर १, गट वेगळे पण व्हेरियन्स सारखा असेल तर २, आणि व्हेरियन्सची खात्री नसेल तर ३.