गोष्टीतलं गणित

होटगीत राहून मी शाळकरी मुलांसाठी मोबाइलवरचे धडे तयार करते. या कामानं शिकवलेलं थोडंसं.

१. मूल गोष्टीत शिरलं की शिकतं, हे वाचलं होतं. किती चटकन शिरतं, ते इथे पाहिलं. वेळेच्या गणितांना मुलं कंटाळायची. मग ते गणित होटगी जंक्शनवर आणलं. आजीला विजयपूरला जायचंय, सोलापूरहून येणारी गाडी उशिरा धावतेय, पुढची गाडी आजीला मिळेल का? मुलं जीव लावून वजाबाकी करू लागली. उत्तर चुकलं की ओरडायची, "आजी राहिली की!" लाल फुलीपेक्षा हे जास्त लागतं.

२. तारे आणि बिल्ले यांची नवलाई लवकर ओसरते. चुरस ताऱ्यांचीच उरते आणि मागे पडलेलं मूल ॲप उघडेनासं होतं. परंपरेनं ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला मोक्षपट पाहा: सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. शिकवण पटातच आहे, बक्षिसाची गरज नाही. म्हणून चुकीला मी गुण कापत नाही. गोष्ट वेगळ्या वाटेनं जाते.

३. इथे कित्येक घरांत कन्नड बोलतात. गोष्टीतली आजी कन्नडमध्ये बोलू लागली, तेव्हा एरवी गप्प असणारी एक मुलगी बाकीच्यांना अर्थ सांगायला पुढे आली.

४. आमच्याच सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाल्यावर १० लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटली. मला मोठं वाटतं ते हे, की नवं साधन मुलाच्या हातातल्या पुस्तकातूनच आलं. माझा धडाही मुलाच्या हाती जे येतं त्यातच बसायला हवा. घरात फोन बहुधा एकच, तोही बाबा कामावरून आल्यावर मिळणार. तेव्हा धडा छोटा हवा आणि नेट नसतानाही चालायला हवा.

५. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण, मग उत्तररंगात आख्यान. फोनवर मी क्रम उलटा ठेवते: आधी आख्यान, नियम मुलाला अडल्यावर. अडलेलं मूल नियम मन लावून ऐकतं.

शिक्षकांनो, तुमच्या गावचं स्टेशन किंवा आठवडी बाजार घ्या, पाच प्रश्नांची एक गोष्ट लिहा आणि मुलांना खेळू द्या. जमली, तर शेजारच्या शाळेलाही द्या.