चित्रांतील रंगाचा पोत आणि वस्तूची घडण

चांगलें चित्र म्हणजे गुळगुळीत चित्र, त्यांत कुंचल्याची खूण कोठेंही दिसतां कामा नये, अशी पुष्कळांची समजूत असते. मुलाच्या चित्रांत रंग जाड बसला कीं वडीलधारीं माणसें त्यास धसमुसळें काम म्हणतात, व मुलगाही ओशाळून तो रंग खरवडूं लागतो. परंतु जाड रंग हा नेहमींच दोष असतो काय? एका प्रसिद्ध चित्राच्या आधारें या प्रश्नाचा विचार करूं.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकारानें ऑक्टोबर १८८८ मध्यें दक्षिण फ्रान्समधील आर्ल गांवीं आपल्या निजण्याच्या खोलीचें तैलचित्र काढलें. त्यांत एक पलंग, दोन खुर्च्या, एक लहान मेज, खिडकी, भिंतीवरील तसबिरी अशा साध्या वस्तु आहेत. माणूस एकही नाहीं. चित्र पाहणाऱ्याच्या मनास विसांवा मिळावा, हा आपला हेतु त्यानें थिओ या भावास पत्रानें कळविला होता.

वस्तूस भरीवपणा आणावयाचा तर छायाप्रकाश दाखवावा, असें आपण शाळेंत शिकतों. व्हॅन गॉगनें मात्र जपानी छापचित्रांच्या धर्तीवर या चित्रांतून पडछाया बुद्ध्या गाळल्या. मग पलंग इतका भक्कम कसा भासतो? त्याचें उत्तर रंगाच्या थरांत सांपडतें. पलंगाचा लोण्यासारखा पिवळा रंग दाट असून कुंचल्याचे फटकारे फळ्यांच्या लांबीबरोबर गेले आहेत. सुताराचा रंधा ज्या दिशेनें चालावा, त्याच दिशेनें चित्रकाराचा हात चालला आहे. जमिनीवरील फटकारे आपली दृष्टि खोलीच्या आंत ओढून नेतात. कापडास जसा पोत असतो, तसा हा रंगाचा पोत होय. आणि येथें तोच वस्तूची घडण सांगतो. मागील भिंत तिरपी दिसते, तीही चूक नव्हे. घराचा तो कोपराच मुळीं तसा होता.

पुढें या चित्रास ओल लागून इजा झाली. तेव्हां सप्टेंबर १८८९ मध्यें चित्रकारानें त्याच आकाराची दुसरी प्रत केली, आणि आई व बहीण यांच्याकरितां तिसरी लहान प्रत काढली. आज हीं तीन चित्रें अनुक्रमें ॲम्स्टरडॅम, शिकागो व पॅरिस येथें आहेत. मूळ चित्रांतील भिंती फिकट जांभळ्या होत्या. त्यांतील तांबडी छटा कालांतरानें उडाल्यामुळें त्या आतां निळ्या दिसतात. रंग पालटला, परंतु फटकाऱ्यांची दिशा पालटली नाहीं. ज्या हातानें तें चित्र काढलें, त्याची चाल आजही त्या थरांत वाचतां येते.

विद्यार्थिमित्रांनो, छापील प्रतींत रंगाची जाडी उतरत नाहीं, तरी फटकाऱ्यांची दिशा बहुधा दिसते. ती प्रथम जवळून पाहा. मग चार पावलें मागें सरून, डोळे किंचित् मिटून संपूर्ण आकार पाहा. नंतर घरांतील एखादी लांकडी खुर्ची घेऊन तिचीं दोन चित्रें काढा: एकांत रंग लांकडाच्या रेषांबरोबर भरा, दुसऱ्यांत आडवातिडवा भरा. कोणत्या खुर्चीवर निःशंकपणें बसावेंसें वाटतें, तें पाहा. जो जाड रंग वस्तूच्या घडणीस अनुसरतो तो गुण; जो केवळ चूक झांकण्यासाठीं थापला जातो तो दोष. पालकांनींही मुलाचें चित्र हातीं घेतांना ‘हें खरखरीत कां?’ असें न विचारतां ‘येथें तुझा हात कोणत्या दिशेनें गेला, व कां?’ असें विचारून पाहावें.