दाम कोण देणार?

आपल्या पेढीवर जो माल निवडतो, तोच पैसे मोजतो. वैद्यकीय उपकरणांच्या व्यापारात तसे नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवावयाचा स्टेंट तज्ज्ञ डॉक्टर निवडतात, तो बसतो रुग्णाच्या देहात, आणि पैसे पुष्कळदा विमा कंपनी किंवा सरकार भरते. हे उपकरण दाम देण्याजोगे आहे, असे या तिसऱ्या पक्षास पुराव्याने पटवून देणे, हाच ‘मार्केट अ‍ॅक्सेस’ व ‘रीइम्बर्समेंट’ या नावांनी ओळखला जाणारा व्यवसाय होय. आपल्या घरांतील शिकलेल्या मुलामुलींनी त्याचा अवश्य विचार करावा.

परवाना मिळाला की बाजार मिळाला, ही समजूत येथे महागात पडते. १ जानेवारी २०१८ पासून अमलात आलेल्या वैद्यकीय उपकरण नियमांन्वये मिळणारा परवाना सुरक्षितता व गुणवत्ता यांपुरता असतो. दामाचा प्रश्न निराळा. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना दर कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. परंतु रुग्णालयास पैसे मिळतात ते ठरीव पॅकेजाप्रमाणे. काही पॅकेजांत रोपणसाहित्याची किंमत धरलेली असते, काहींत ती वेगळी मिळते. ती धरलेली असेल आणि नवे उपकरण महाग असेल, तर रुग्णालय ते कशाला घेईल? शिवाय राज्य बदलले की योजनाही बदलते. कोल्हापुरास महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना, तर बेळगावास आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक. अंतर दोन-तीन तासांचे, पण कागदपत्रे पुन्हा पहिल्यापासून पाहावी लागतात.

फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींना मर्यादा घातली: साध्यास ७,२६० रुपये, औषधलेपितास २९,६०० रुपये. कारखान्यापासून रुग्णाच्या बिलापर्यंत किंमत कशी कित्येक पटींनी चढत होती, हे तेव्हा उघड झाले. आपण व्यापारी, नफा आपणांस वर्ज्य नाही. तथापि ज्या नफ्याचे कारण सांगता येत नाही, तो सरकारच्या नजरेस आज ना उद्या पडतोच.

शिक्षण औषधनिर्माणशास्त्र, जैववैद्यकीय अभियांत्रिकी वा वाणिज्य, कोणतेही चालेल. माझ्या मते आरंभीची एक-दोन वर्षे रुग्णालयाच्या बिल विभागात किंवा विम्याचे दावे तपासणाऱ्या कचेरीत काढावी. दावा कोठे अडतो, कोणत्या कागदावाचून परत येतो, हे तेथेच कळते. मग संख्याशास्त्र व आरोग्य-अर्थशास्त्र शिकावे. आरोग्य संशोधन विभागाच्या आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन यंत्रणेचे अहवालही वाचावेत. एका उपचारावर झालेल्या खर्चातून रुग्णाच्या पदरात किती निरोगी वर्षे पडली, याचा जमाखर्च त्यांत मांडलेला असतो.