कार्ड घरी, माणूस फडात

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी महालातील पाड्यांवर शिक्षकाची नोकरी करीत असता, हजेरीपटावरील ठरावीक नावांपुढेच वारंवार गैरहजेरी का लागते याचा शोध घेताना, मला सिकलसेल या आनुवंशिक व्याधीचा परिचय झाला. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला ती पूर्णत्वाने जडण्याचा संभव चौथा हिस्सा असतो. नुसता वाहक मात्र सहसा निरोगी असतो, हे लग्न जुळविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

तपासणी होत नाही असे नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत उच्चाटनाचा संकल्पही सुटला. परंतु दिवाळी सरताच मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला उतरतात. आणि पहाटेची थंडी, अतिश्रम, अपुरे पाणी, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकून सूक्ष्म वाहिन्यांत अडकण्यास जी जी निमित्ते लागतात, ती सारी एका फडात एकवटतात. माझ्या एका सिकलसेलग्रस्त माजी विद्यार्थ्याच्या गोळ्या तेथे संपल्या, इकडचा कागद तिकडे कोणी वाचला नाही, वेदनाशामक सुई टोचून त्याची बोळवण झाली, आणि ताप अंगावर काढता काढता छाती भरली. तो वाचला, इतकेच.

म्हणून रुग्णाच्या घरच्यांनी उचल घेण्यापूर्वीच आरोग्य केंद्रात औषधाची तजवीज करावी. या व्याधीवरील हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असता रक्ताची तपासणी वरचेवर लागते, तेव्हा सबंध हंगामाच्या गोळ्या एकदम मागण्यापेक्षा फडाजवळचे सरकारी रुग्णालय कोणते ते विचारून त्याच्या नावे चिठ्ठी घ्यावी. तपासणीनंतर मिळालेले सिकलसेलचे कार्ड पेटीत न ठेवता अंगावर बाळगावे, पाणी तहान लागण्याआधी प्यावे, आणि ताप आल्यास, विशेषतः मुलाला, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्याने १९७० पासून गावच्याच स्त्रियांवर आरोग्याचा भार विश्वासाने सोपविला. आमच्याकडील एका आशाताईनेही, वरून हुकूम येण्याची वाट न पाहता, आपल्या वहीत मुकादमाचे नाव, फडाचे गाव आणि फोन असे तीन रकाने वाढविले. गोळ्या संपण्याच्या सुमारास ती फोन करते. मुकादम प्रथम कुरकुरला. परंतु अंथरुणाला खिळलेल्या मजुराची उचल वसूल होत नाही, हा हिशेब त्याला आमच्या उपदेशाहून लवकर उमगला.